गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर चालते-फिरते राहणे : किती आणि केव्हा?

निळीछत्री

माझे बाळ आज अकरा आठवड्यांचे झाले. गरोदरपणात चालते-फिरते राहण्याविषयी मी पुष्कळ वाचले, विचारले आणि स्वतः करून पाहिले. बाळंतपणानंतर काय करावे याविषयी मात्र मला जवळजवळ काहीच कळले नाही, आणि त्याचा फटका मला बसला. म्हणून हा धागा काढत आहे. पहिल्या भागातील माझा अनुभव कोणाच्या तरी उपयोगी पडावा आणि दुसऱ्या भागाविषयी जाणत्यांनी लिहावे, अशी इच्छा आहे.

दिवस राहण्यापूर्वी मी आठवड्यातून चार दिवस धावत असे. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि अनावर झोप यांमुळे धावणे बंद पडले आणि मी मनातल्या मनात स्वतःला आळशी ठरवले. त्या आठवड्यांत शरीर आतून किती काम करत असते, हे मला नंतर समजले. गरोदरपणात अंगातील रक्त सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते, हृदयाला दर मिनिटाला कितीतरी जास्त रक्त ढकलावे लागते आणि स्वस्थ बसलेले असतानाही नाडी नेहमीपेक्षा 10 ते 20 ठोक्यांनी जलद चालते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास खोल होतो, त्यामुळे एरवी जाणवणारही नाही अशा चढावर धाप लागते. मी त्या धापेला माझा दम संपल्याची खूण समजत होते.

नाडी मोजून व्यायामाची मर्यादा ठरवणे या काळात फारसे उपयोगाचे नसते, ते याच कारणामुळे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 1985 मध्ये असे सांगितले होते की गरोदर स्त्रीची नाडी 140 च्या वर जाऊ नये आणि जोराचा व्यायाम 15 मिनिटांपेक्षा जास्त होऊ नये. 1994 मध्ये त्यांनीच ही मर्यादा काढून टाकली, तरी तो 140 चा आकडा मला तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी ऐकवला. त्याऐवजी मी बोलण्याची कसोटी वापरली : चालताना शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणायचे ठरवले तर ते जमू नये. ही कसोटी रोज स्वतःला जुळवून घेते. ज्या दिवशी झोप झालेली नसते त्या दिवशी ती आपल्याला हळू चालायला लावते, आणि हाच तिचा मोठा गुण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत असे म्हटले आहे की ज्यांना वैद्यकीय अडचण नाही अशा गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्यात स्नायूंना बळ देणारे व्यायामही असावेत. आकडा ऐकून मी दडपले होते. पण ही मिनिटे सलग भरण्याची अट नाही, आणि पूर्वी व्यायाम न करणाऱ्या स्त्रीने अगदी थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत न्यावे असेच त्यांचे म्हणणे आहे. मी पाचव्या महिन्यापासून जलद चालणे आणि पोहणे एवढेच ठेवले. पोहण्याने मला जे सुख दिले ते दुसऱ्या कशानेही दिले नाही. छातीइतक्या पाण्यात वजन जाणवत नाही, आणि पाण्याच्या दाबामुळे पायांत साठलेले पाणी पुन्हा रक्तात परतते, त्यामुळे बाहेर आल्यावर घोटे खरोखरच बारीक दिसत. विसाव्या आठवड्यानंतर उताणे पडून करायचे व्यायाम मी सोडले, कारण गर्भपिशवीचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येऊन मला चक्कर येत असे. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत मी पोहत होते.

बाळंतपण नैसर्गिक झाले, थोडे टाके पडले. सहा आठवड्यांनी तपासणी झाली. टाके, रक्तदाब आणि गर्भनिरोधन यांविषयी विचारपूस झाली आणि "सर्व ठीक आहे, आता नेहमीसारखे वागायला हरकत नाही" असे मला सांगण्यात आले. माझ्या लेखी नेहमीसारखे म्हणजे धावणे. सातव्या आठवड्यात मी वीस मिनिटे धावायचे म्हणून निघाले. बाराव्या मिनिटाला लघवी निसटली, आणि घरी पोहोचेपर्यंत खाली काहीतरी ओघळून येत असल्यासारखा जडपणा जाणवू लागला, तो दोन दिवस राहिला. तेव्हापासून मला बाळाला घेऊन साधे चालायलाही भीती वाटते. नऊ महिने माझ्या प्रत्येक पावलाची चौकशी झाली आणि बाळ बाहेर आल्यावर माझे पाय कोणाच्याच लक्षात राहिले नाहीत, असे वाटते. मी काय चुकले आणि आता कोठून सुरुवात करावी?

पाठकणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली चौदा वर्षे मुख्यतः गरोदर आणि बाळंत स्त्रियांसोबत काम करते. तुम्ही हे उघडपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार. लघवी निसटण्याचा त्रास बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो आणि योग्य व्यायामाने बहुतेकींचा कमी होतो. पण पुष्कळ जणींना होतो म्हणून तो सोसत राहावा, असे मी कधीही म्हणणार नाही. तो जडपणाही एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, कारण गर्भपिशवी किंवा मूत्राशय थोडे खाली सरकले आहे का हे लिहून किंवा ऐकून ठरवता येत नाही.

सहा आठवडे हा आकडा कोठून आला, ते आधी सांगते. साधारण तेवढ्या काळात गर्भपिशवी आपल्या पूर्वीच्या आकाराला येते. तपासणी त्यासाठी असते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जी झोळी असते, जिच्यावर मूत्राशय, गर्भपिशवी आणि मलाशय पेललेले असतात, तिचे गणित वेगळे आहे. बाळाचे डोके बाहेर येताना या झोळीचा काही भाग मूळ लांबीच्या सुमारे तिप्पट ताणला जातो, असे संगणकावरील प्रतिकृतींवरून दिसून आले आहे. अंगातील दुसरा कोणताही मोठा स्नायू एवढा ताणला गेला असता तर आपण त्याला कित्येक महिने जपले असते. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट धक्का वर येतो आणि तो याच झोळीला झेलावा लागतो. तुमची चूक एवढीच की तुम्ही तिला न विचारता धावलात, आणि विचारायचे असते हे तुम्हाला कोणी सांगितलेले नव्हते.

2019 मध्ये ब्रिटनमधील तीन फिजिओथेरपिस्टांनी बाळंतपणानंतर धावण्याकडे परतण्याविषयी सविस्तर सूचना तयार केल्या. त्यांत धावण्यासारखे धक्क्याचे व्यायाम पहिले तीन महिने टाळावेत असे सुचवलेले आहे. तीन महिने झाले म्हणून लगेच धावावे, असाही त्यांचा अर्थ नाही. आधी अर्धा तास जलद चालून पाहावे, एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, जागच्या जागी एक मिनिट हळू धावावे, एका पायावर दहा उड्या माराव्यात; आणि यांतील कशातही वेदना, जडपणा किंवा गळती झाली नाही तरच रस्त्यावर उतरावे. आमच्याकडे येणाऱ्या ज्या स्त्रिया पूर्वी खेळाडू होत्या, त्यांनाच थांबवणे सर्वांत अवघड जाते. पॉला रॅडक्लिफ ही ब्रिटिश धावपटू जानेवारी 2007 मध्ये बाळंत झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली, ही हकिकत त्यांनी ऐकलेली असते. मधल्या काळात पाठीच्या तळाच्या हाडाला बारीक तडा गेल्यामुळे तिला सराव थांबवावा लागला होता, हे त्यांना बहुधा माहीत नसते.

आता कोठून सुरुवात करावी, ते सांगते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अर्नॉल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 मध्ये मांडले, आणि आजही पहिला उपाय तोच आहे. वात अडवताना मागची बाजू जशी आवळतो तशी ती आवळावी, आणि त्याच वेळी लघवी रोखल्याप्रमाणे पुढची बाजू आत आणि वर ओढून घ्यावी. मांड्या आणि नितंब सैल राहावेत, श्वास अडू नये. आठ सेकंद धरण्याचा प्रयत्न करावा, मग पूर्णपणे सैल सोडावे, आणि सैल सोडण्यालाही तेवढाच वेळ द्यावा. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. सुरुवातीला दोनच सेकंद जमले तरी चालते. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. माझ्या पाहण्यात अनेक जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देत असतात आणि त्यांना ते कळतही नाही. अशा वेळी जितका व्यायाम अधिक तितका त्रास अधिक. काहींचे स्नायू तर आधीच इतके ताठरलेले असतात की त्यांना आवळण्याऐवजी सैल सोडणे शिकवावे लागते. म्हणून एकदा तरी जाणकाराकडून तपासून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

दुसरी सवय यापेक्षाही सोपी आहे. खोकण्यापूर्वी, शिंकण्यापूर्वी आणि बाळाला उचलण्यापूर्वी क्षणभर आधी ती झोळी वर ओढून घ्यायची, आणि उचलताना श्वास रोखायचा नाही, तो सोडत उचलायचे. दिवसातून तीस-चाळीस वेळा बाळ उचलले जाते. तोच तुमचा व्यायाम होतो.

चालणे बंद करू नका. उद्या दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चाला आणि संध्याकाळी जडपणा वाढला का ते पाहा. वाढला नाही तर दोन-तीन दिवसांनी तीन मिनिटे वाढवा, वाढला तर मागच्या आकड्यावर या. आज किती करता आले यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी कसे वाटते, यावर माझा जास्त विश्वास आहे.

तिसरीखिडकी

मी अठ्ठाविसाव्या आठवड्यात आहे. माझी वार (प्लासेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली आहे, दोनदा अंगावरून रक्त गेले आहे आणि मला व्यायाम पूर्णपणे बंद करायला सांगितले आहे. हा धागा वाचताना मला आनंदही झाला आणि थोडे रडूही आले. सगळीकडे गरोदर स्त्रिया चालत आहेत, पोहत आहेत, आणि मी खिडकीपाशी बसून बाळाला कमी ऑक्सिजन मिळेल का, माझे पाय वाळतील का, याचा विचार करते. ज्यांना हालचाल करता येत नाही त्यांनी काय करावे, याविषयी कोणी लिहील का? आणि "विश्रांती" म्हणजे नेमके काय? मी डॉक्टरांना विचारले तेव्हा "जपून राहा" एवढेच उत्तर मिळाले.

मध्यान्ह

तिसरीखिडकी, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या तब्येतीविषयीचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, परंतु तुमच्या मनातील काही ओझे मला निश्चितपणे उतरवता येईल. तुम्ही व्यायाम करत नाही म्हणून बाळाला ऑक्सिजन कमी पडत नाही. व्यायामाचे जे फायदे सांगितले जातात, म्हणजे गरोदरपणातील मधुमेह आणि रक्तदाबाचे विकार यांची शक्यता कमी होणे, वजन आटोक्यात राहणे, पाठ कमी दुखणे, ते सर्व धोका नसलेल्या स्त्रियांच्या बाबतीतले आहेत. तुमच्या स्थितीत थांबणे हाच योग्य सल्ला आहे आणि तो पाळून तुम्ही बाळासाठी जे करायचे तेच करत आहात.

व्यायाम कोणी करू नये, ते येथे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. 26 आठवड्यांनंतरही वार गर्भपिशवीच्या तोंडावर असणे, दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत पुन्हा पुन्हा अंगावरून जाणे, गर्भाभोवतीचे पाणी गेलेले असणे, मुदतीपूर्वी कळा सुरू होणे, गर्भपिशवीचे तोंड कमजोर असणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, गरोदरपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार, तीव्र रक्तक्षय, आणि हृदयाचे किंवा फुप्फुसांचे काही आजार, यांत व्यायाम टाळावा लागतो. जुळी असून मुदतीपूर्वी प्रसूतीची भीती असेल तर तेव्हाही. बाकीच्यांनी व्यायाम करताना अंगावरून गेले, पाणी गेल्यासारखे वाटले, ठरावीक अंतराने दुखून पोट आवळू लागले, छातीत दुखले, श्रम करण्यापूर्वीच धाप लागली, चक्कर किंवा जोराची डोकेदुखी आली, किंवा एका पोटरीत दुखून सूज आली, तर तेथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. "थोडे बसून पाहू" असे म्हणत वाट पाहू नये.

आता "विश्रांती"विषयी. हा शब्द आम्ही डॉक्टर फार मोघमपणे वापरतो, हे मला मान्य आहे. दिवसभर अंथरुणाला खिळून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असा भरवशाचा पुरावा नाही. उलट शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडे क्षीण होतात, मन खचते. म्हणून पुढच्या भेटीत कागदावर प्रश्न लिहून न्या : घरातल्या घरात किती वेळा उठून चालावे, जिना चढावा का, किती वजन उचललेले चालेल, सलग किती वेळ उभे राहावे, शरीरसंबंध टाळायचा का, आणि कोणत्या लक्षणावर रात्रीसुद्धा निघून यावे. मोघम उत्तर मिळाले तर पुन्हा विचारा. बसल्या जागी घोटे वर-खाली आणि गोल फिरवणे, खांदे आणि मान मोकळी करणे, सावकाश खोल श्वास घेणे, यांना बहुधा परवानगी मिळते. परवानगी घेऊनच सुरू करा. वार कोठे आहे ते सुमारे बत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून पुन्हा पाहतात, कारण गर्भपिशवी वाढत जाते तशी पुष्कळ जणींची वार तोंडापासून दूर गेलेली दिसते. तोपर्यंत खिडकीपाशी बसण्यात कमीपणा नाही.

रातराणी

माझे बाळ साडेचार महिन्यांचे आहे. "चाला, बरे वाटेल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की त्याचा मला राग येऊ लागला होता. रात्री सलग दीड तास झोप मिळणाऱ्या बाईला चपला घालणे हेसुद्धा एक काम असते. दुसऱ्या महिन्यात मला सकाळी उठल्यापासून रडू येत असे, बाळाकडे पाहून काहीच वाटत नसे आणि आपल्यात काहीतरी मोडले आहे अशी खात्री वाटे. मी ते कोणाला सांगितले नाही. शेवटी लसीकरणाच्या वेळी परिचारिकेने माझ्याकडे नीट पाहिले आणि "तुम्हाला कसे वाटते?" असे विचारले. बाळ कसे आहे, असे विचारले नाही. तेव्हा उपचार सुरू झाले.

हे येथे लिहिण्याचे कारण असे की चालण्याने मला खरोखर फायदा झाला, पण औषध आणि समुपदेशन सुरू झाल्यानंतर झाला. आधी कोणी चालण्याचे उपदेश केले तेव्हा त्याचा अर्थ "तू प्रयत्न करत नाहीस" असाच मला ऐकू येत होता. कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ असे वाटत असेल, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर व्यायामाची वाट पाहू नका. त्याच दिवशी मदत मागा.

माझे चालणे कसे सुरू झाले, तेही सांगते. समुपदेशकांनी मला आठवडाभर फक्त दाराबाहेर जाऊन उभे राहायला सांगितले. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत. बाबागाडीत बाळ झोपत असे आणि घरात झोपत नसे, म्हणून मी कोपऱ्याच्या पुढे गेले. आता रोज चाळीस मिनिटे होतात, पण मी ती मोजायला सुरुवात केली ती चौथ्या महिन्यात.

ओंजळ

मी एका बाळाचा वडील आहे आणि एकच मुद्दा मांडतो. माझी पत्नी व्यायामाला जाऊ शकत नव्हती, कारण मी "तू जा ना, मी आहे" असे म्हणत असे आणि तरीही बाळ रडले की तिला हाक मारत असे. तिने हे मला स्पष्ट सांगितले तेव्हा मला वाईट वाटले, पण ते खरे होते. मग आम्ही वेळ ठरवली : संध्याकाळचे पाऊण तास, दूध पाजून झाल्याबरोबर, आणि त्या वेळात बाळ माझे. पहिल्या आठवड्यात बाळ पुष्कळ रडले, मला घाम फुटला, आणि मी फोन केला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून ते माझ्या खांद्यावर झोपू लागले. ज्या घरांत दुसरे माणूस आहे त्यांनी "मदत करतो" असे म्हणण्याऐवजी वेळ ठरवून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरीफेरी

माझी दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली आणि या धाग्यावर अजून त्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. पहिल्या वेळी मी पोट धरून वाकूनच चालत राहिले, कारण टाके उसवतील अशी भीती होती. दुसऱ्या वेळी पहिल्या चोवीस तासांतच मला आधार देऊन उभे केले आणि त्यामागचे कारणही सांगितले : बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, शस्त्रक्रियेनंतर तो आणखी वाढतो, आणि लवकर पाय हलवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. कारण कळल्यावर दुखणे सोसणे सोपे गेले. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची, उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचे आणि काही आठवडे बाळापेक्षा जड काहीही उचलायचे नाही, एवढे तीन नियम मी पाळले. त्वचेवरचे टाके लवकर भरतात, आतले पोटाचे आवरण सहा आठवड्यांनी आपल्या मूळ ताकदीच्या निम्म्याच्या थोडे वर पोहोचलेले असते, हे मला दुसऱ्या वेळी समजले. आणखी एक खूण उपयोगी पडली. अंगावरून जाणे कमी होत आलेले असताना एखाद्या दिवशी पुन्हा लाल आणि जास्त जाऊ लागले, की आदल्या दिवशी आपण जास्त केले असे समजायचे. भरपूर जाऊ लागले तर दवाखाना गाठायचा.

एका दुखण्याविषयी कोणीच सावध केले नव्हते. दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात माझ्या अंगठ्याच्या बाजूचे मनगट इतके दुखू लागले की बाळाला काखेत हात घालून उचलणे अशक्य झाले. या दुखण्याला 1895 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या स्विस शल्यचिकित्सकांचे, म्हणजे द कर्व्हेन यांचे नाव आहे. अंगठा ताणून उचलण्याऐवजी दोन्ही तळवे बाळाच्या खालून घालून, ओंजळीत घेतल्यासारखे उचलायला शिकल्यावर आणि काही दिवस पट्टा वापरल्यावर ते कमी झाले.

पाठकणा, माझा एक प्रश्न आहे. पोट मध्यभागी दुभंगल्यासारखे दिसते आणि उठताना उंचवटा येतो. मी रोज पन्नास वेळा उताणे पडून उठण्याचा व्यायाम करत आहे, तरी फरक नाही. आणखी वाढवू का?

पाठकणा

वाढवू नका, सध्या ते थांबवा. पोटाच्या सरळ स्नायूंच्या दोन पट्ट्या गरोदरपणात बाजूला सरकतात, आणि शेवटच्या आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत हे झालेले असते. बाळाला जागा करून देण्यासाठी ते व्हावेच लागते. नॉर्वेमध्ये पहिलटकरणींवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी 60 टक्के, सहा महिन्यांनी सुमारे 45 टक्के आणि एका वर्षानंतर सुमारे 33 टक्के स्त्रियांमध्ये हे अंतर शिल्लक होते. म्हणजे काळ आपले काम करतो, पण सर्वांच्या बाबतीत पुरते करत नाही. त्याच अभ्यासात हे अंतर असलेल्या स्त्रियांना कंबरदुखी जास्त आढळली नाही, त्यामुळे सर्व दुखण्यांचे खापर त्यावर फोडू नये.

उठताना मध्यभागी जो उंचवटा येतो, तो आतला दाब पेलला जात नसल्याची खूण आहे. उंचवटा येईल असा कोणताही व्यायाम सध्या तुमच्यासाठी जड आहे. आधी श्वास सोडत खालचे पोट हलकेच आत घ्या, मग गुडघे वाकवून पडलेले असताना एक टाच सरकवत पाय लांब करा आणि परत आणा. हा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, आणि माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत तो सांगताना मला संकोच वाटत असे. आता वाटत नाही. नाभीजवळ बोटे ठेवून पोट सपाट राहते का ते पाहत पुढे जा, आणि नाभीजवळ दुखरी गाठ लागली तर हर्निया नाही ना, हे डॉक्टरांना दाखवा.

तिसरीखिडकी

मध्यान्ह, प्रश्न लिहून नेले. घरात दर तासाला उठून दोन मिनिटे चालायला आणि घोट्यांच्या हालचालींना परवानगी मिळाली, जिन्याला नाही. मला काय करता येत नाही यापेक्षा काय करता येते याची यादी हातात आल्यावर रात्री झोप लागली. एक प्रश्न पुढच्या काळासाठी विचारून ठेवते : अंगावर पाजत असताना व्यायाम केला तर दूध आटते किंवा आंबट होते, असे म्हणतात, ते खरे आहे का?

मध्यान्ह

मध्यम व्यायामाने दूध कमी होत नाही आणि बाळाच्या वजनवाढीवर परिणाम होत नाही, हे प्रत्यक्ष अभ्यासांत तपासले गेले आहे. अगदी दमछाक होईपर्यंत व्यायाम केल्यास दुधात लॅक्टिक आम्ल काही काळ थोडे वाढते, पण त्याने बाळाला अपाय होत नाही. पाजून झाल्यावर बाहेर पडावे, म्हणजे छाती हलकी असते, आणि नीट आधार देणारे अंतर्वस्त्र वापरावे. तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे आणि पोटभर जेवावे, कारण केवळ दूध तयार होण्यासाठीच दिवसाला सुमारे 500 कॅलरी खर्च होतात. या काळात जेवण तोडून वजन उतरवण्याचा अट्टहास मी कोणालाही करू देत नाही.

निळीछत्री

तेरा आठवड्यांनी परत लिहीत आहे. बाळ सहा महिन्यांचे होत आले आहे.

पाठकणा, तुमचे लिहिणे वाचल्यावर चार दिवसांनी मी तपासून घेतले. मूत्राशय किंचित खाली आलेले होते, आणि मीही खाली जोर देणाऱ्यांपैकीच निघाले. म्हणजे धावण्यानंतर घाबरून मी घरी जो केगलचा सराव करत होते तो उलटाच चालला होता. बोटाने दाखवून दिल्यावर फरक पाच मिनिटांत कळला, अंगवळणी पडायला मात्र पाच आठवडे लागले. पहिले दोन आठवडे दहा मिनिटेच चालले. एकदा पाहुणे आले म्हणून दिवसभर उभी होते, तेव्हा जडपणा परत आला आणि मी पुन्हा दहावर आले. त्या दिवशी रडले नाही, कारण मागे येणे हे त्या मोजणीतच धरलेले आहे हे मला आता माहीत होते.

ओंजळ यांचा पाऊण तास आमच्याकडेही सुरू झाला. गेल्या आठवड्यात एका पायावरच्या दहा उड्या कोरड्या झाल्या. काल संध्याकाळी एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सहा वेळा केले. आज सकाळी उठल्यावर आधी जडपणा पाहिला. नाही. परवा पुन्हा तेवढेच करणार आहे.

तिसरीखिडकी, तुमच्या हिशेबाने तारीख उलटून गेली असावी. कशा आहात?

तिसरीखिडकी

सिझेरियन झाले, सदतिसाव्या आठवड्यात. मुलगी आहे, दोघी ठीक आहोत. काल दवाखान्याच्या लांब व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. उशी पोटाशी धरून, दुसरीफेरी यांनी सांगितले होते तशी.